गावच्या नळाचं पाणी तपासायचं कसं? किट, नमुना, टीसीएल आणि प्रयोगशाळा

मांजराकाठ

आमच्या गावाला दोन उद्भव आहेत. नदीकाठची विहीर, आणि उन्हाळ्यात ती आटली की पाझर तलावाखालचा बोअर. टाकी ५०,००० लिटरची. चार वॉर्डांना आळीपाळीने पाणी सुटतं, एका वॉर्डाची पाळी पाचव्या दिवशी येते. जल जीवन मिशनचं तपासणी किट ग्रामपंचायतीत आहे, पाच महिलांचं प्रशिक्षणही झालंय. पण तपासणी होते ती ग्रामपंचायत कार्यालयाच्या नळावर, आणि दरवेळी सगळं 'पिण्यास योग्य'. तरी खालच्या वस्तीत पावसाळा लागला की लेकरांना जुलाब सुरू होतात.

कुठलं पाणी, कधी, कसं तपासायचं? किटवर किती भरवसा ठेवायचा? काही जण टीडीएस मीटर घेऊ म्हणायलेत, त्याचा उपयोग होईल का?

प्रयोगशाळा_ताई

दादा, तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. कार्यालयाचा नळ बहुतेक टाकीच्या जवळचा असतो. तिथं दाब चांगला, क्लोरीन ताजं, लाईन लहान. त्या नळावरून खालच्या वस्तीचं पाणी कळणार नाही.

पाच दिवसांनी पाणी सुटतं म्हणजे मधले चार दिवस ती पाइपलाइन रिकामी किंवा अर्धी रिकामी असते. व्हॉल्व्ह बंद केला की उताराकडे पाणी निघून जातं, आत दाब कमी होतो, आणि जिथं जोड सैल आहे किंवा घरगुती नळजोडणी नालीतून गेली आहे तिथं बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. पुढच्या पाळीला तेच आधी नळाला येतं. म्हणून नमुने असे घ्या: उद्भवावर एक (क्लोरीन टाकण्याआधी), टाकीच्या निर्गमावर एक, वॉर्डातल्या पहिल्या नळावर एक, आणि शेवटच्या नळावर दोन. त्या दोनपैकी पहिला पाणी सुटल्यावर लगेच, दुसरा अर्ध्या तासाने.

टाकीचा नमुना चांगला, शेवटच्या नळाचा पहिला वाईट आणि दुसरा चांगला आला, तर दोष लाईनमध्ये आहे. जोड शोधा, नालीतल्या जोडण्या वर उचला. टाकीचाच नमुना वाईट असेल तर दोष क्लोरीनेशनमध्ये किंवा टाकीच्या सफाईत. सगळे नळ चांगले आणि लेकरं तरी आजारी असतील तर घरातल्या रांजणाचं, ड्रमचं पाणी तपासा. पाच दिवस साठवलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, आणि तांब्या हातासकट आत बुडवला जातो.

बेसाल्ट

टीडीएस मीटरबद्दल. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. फ्लोराइड १ आहे की ३ हे कळत नाही, नायट्रेटही ओळखता येत नाही. टीडीएस ३०० असलेलं पाणी पटकीच्या जंतूंनी भरलेलं असू शकतं. मीटर घ्यायला हरकत नाही, पण काम एकच: उद्भव बदलला का, पाणी अचानक खारं झालं का, हे चटकन कळावं म्हणून.

भारतीय मानक १०५०० (२०१२ ची आवृत्ती) प्रमाणे टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, आणि दुसरा उद्भव नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. कठीणपणाला २०० आणि ६००, फ्लोराइडला १ आणि १.५, क्लोराइडला २५० आणि १०००. नायट्रेटला मात्र ४५ हीच मर्यादा, पुढे सूट नाही. आणि ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, १०० मिलिलिटरमध्ये एकही सापडता कामा नये.

गावोगाव फिल्टर विकणारे दोन सळयांचं यंत्र पाण्यात बुडवून पाणी तपकिरी करून दाखवतात. तो गाळ लोखंडी सळई झिजून झालेला असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून सळई झिजते, आरओच्या पाण्यातून वाहत नाही म्हणून ते स्वच्छ राहतं. त्या प्रयोगावरून पाणी वाईट ठरवू नका, फार लोक त्याला फसलेत.

किनवटकर

फ्लोराइडवर थोडं जास्त बोला. आमच्या तालुक्यात लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. किटमध्ये फ्लोराइडचा रंग दरवेळी वेगळा लागतो, कोणता खरा धरायचा?

बेसाल्ट

मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. नांदेडच्या पूर्वेकडे, किनवट, बिलोली, देगलूरच्या बाजूला, जुना ग्रॅनाइट वर येतो. फ्लोराइड असलेली खनिजं त्यात जास्त. खोल बोअरमधलं पाणी खडकाशी वर्षानुवर्षं लागून राहतं, म्हणून उथळ विहिरीपेक्षा बोअरमध्ये फ्लोराइड चढण्याचा धोका मोठा. एक खूण लक्षात ठेवा. कठीणपणा कमी, पण अल्कलिनिटी आणि पीएच जास्त, असं पाणी निघालं तर फ्लोराइड आधी तपासा. पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं की फ्लोराइड त्याच्याशी बांधलं जाऊन खाली बसतं, कॅल्शियम कमी असलं की विरघळलेलंच राहतं. डाळ लवकर शिजते, साबणाला फेस छान येतो, म्हणून लोक ज्या बोअरला 'गोड पाणी' म्हणतात, तोच कधीकधी फ्लोराइडचा निघतो.

बेसाल्टातले खोल बोअरही यातून सुटलेले नाहीत. बोअर आणखी खोल घेतला की जुना अहवाल रद्द समजून नव्याने तपासा.

प्रयोगशाळा_ताई

किनवटकर, रंग बदलण्याची कारणं. किटमधलं फ्लोराइडचं द्रावण झिर्कोनियम आणि अलिझरिनचं असतं. फ्लोराइड नसेल तर गुलाबी-लाल, जसजसं वाढेल तसतसा रंग पिवळ्याकडे जातो. म्हणजे इथं रंग फिका होणं ही धोक्याची खूण आहे, आणि बऱ्याच जणी नेमकं उलटं वाचतात.

दुसरं, द्रावण उन्हाळ्यात खराब होतं. कार्यालयाच्या पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये बाटल्या तापत राहिल्या तर मुदत संपण्याआधीच रंग बिघडतो. याला साधी तपासणी आहे: नमुन्याच्या जागी डिस्टिल्ड वॉटर घ्या. रंग तक्त्यावरच्या शून्याशी जुळला तरच द्रावण चालू समजा. ही कोरी चाचणी प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला करा, फ्लोराइडसाठीच नाही, सगळ्या रंगांच्या चाचण्यांसाठी.

तिसरं, पाण्यात क्लोरीन किंवा तुरटी असेल तर फ्लोराइडचा आकडा चुकतो. म्हणून हा नमुना टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकण्याआधी, उद्भवावरच घ्या. बाटली प्लास्टिकची हवी, काचेची नको. रंग तक्त्याच्या शेवटच्या खुणेपलीकडे गेला तर एक भाग नमुना, एक भाग डिस्टिल्ड वॉटर असं करून पुन्हा तपासा आणि आकडा दुप्पट करा.

किटवर १ च्या वर दिसलं तर नमुना प्रयोगशाळेत पाठवाच. आणि गावात सांगा की उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं, ते तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण वाढतं. नायट्रेटचंही तसंच.

मांजराकाठ

नायट्रेटच्या तपासणीत काय चुकतं? आमच्या विहिरीपासून वरच्या अंगाला उकिरडे आहेत, आता शोषखड्डेही झालेत.

प्रयोगशाळा_ताई

तिथं हमखास तपासा. नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही एकाच वेळी वाढलेलं दिसलं तर सांडपाणी किंवा संडासच्या खड्ड्याचा संशय आधी घ्या. नायट्रेट एकटं वाढलं असेल तर शेतातल्या खताकडे बघा.

चुका दोन. नायट्रेटच्या चाचणीत पूड टाकून नळी जोरात हलवायची असते, पत्रकात दिलेला वेळ भरेपर्यंत. कमी हलवली तर गुलाबी रंग फिका येतो आणि आकडा कमी वाचला जातो. दुसरी चूक एककाची. काही किटचा तक्ता 'नायट्रेट' दाखवतो, काहींचा 'नायट्रेट-नायट्रोजन'. नायट्रोजन असेल तर ४.४३ ने गुणावं लागतं. तक्त्यावर १२ वाचून 'मर्यादा ४५, मग ठीक' असं नोंदवलं आणि तो आकडा नायट्रोजनचा निघाला, तर खरं नायट्रेट ५३ आहे. सहा महिन्यांच्या आतल्या, वरचं दूध पिणाऱ्या बाळाला हे पाणी देऊ नये.

कठीणपणाच्या चाचणीत थेंब मोजायचे असतात. लालसर रंग आधी जांभळा होतो, तिथं थांबू नका, स्वच्छ निळा होईपर्यंत जा. ड्रॉपर उभा धरा. आडवा धरला की थेंब लहान-मोठे पडतात आणि मोजणी फसते. नळी नमुन्याच्याच पाण्याने दोनदा खंगाळा. एका बाटलीचं झाकण दुसरीला लागलं की दोन्ही द्रावणं गेली समजा.

हापसा

आता टीसीएलकडे. बहुतेक गावांत ५ ग्रॅमला १००० लिटर हा हिशोब पाठ आहे. त्याने तुमच्या टाकीला २५० ग्रॅम लागेल. विहिरीचा हिशोब मीटरमध्ये करा: ३.१४ गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली, भागिले ४, गुणिले १०००. व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर असेल तर ३७,६८० लिटर, म्हणजे सुमारे १९० ग्रॅम.

पण हा हिशोब पावडर ताजी असेल तरच खरा. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. ५ ग्रॅममधून १००० लिटरला १.६५ मिलिग्रॅम प्रति लिटर मिळतं. गोणी उघडी राहिली, ओल लागली, क्लोरीन १५ टक्क्यांवर आलं, तर तेवढ्याच पावडरीतून ०.७५ मिळणार, आणि पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात ते तिथल्या तिथंच खर्च होणार. २० टक्क्यांच्या खालची पावडर वापरू नये. गोणीतला नमुना आरोग्य केंद्रामार्फत तपासून घेता येतो, तो दर नव्या खेपेला पाठवा.

साठवण: कोरडी, अंधारी, हवेशीर खोली. प्लास्टिकचा डबा, घट्ट झाकण. लोखंडी डबा गंजतो. खत, डिझेल, ऑइल यांच्याजवळ अजिबात ठेवू नका, आग लागू शकते.

टाकण्याची पद्धत. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको, म्हणजे तुमच्या टाकीला तीन बादल्या. आधी थोड्या पाण्यात घट्टसर लगदा करा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा. पाच-दहा मिनिटं थांबा, चुना खाली बसू द्या. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घ्या, फक्त तेच टाकीत किंवा विहिरीत. चुन्याचा गाळ विहिरीत ओतला तर पाण्याचा कठीणपणा वाढतो. विहिरीत बादली दोराने वर-खाली करत निवळ मिसळा. टाकीत पाणी चढत असतानाच निवळ टाका. टाकी भरल्यावर वरून ओतलं तर ते नीट मिसळत नाही. त्यानंतर किमान एक तास पाणी सोडू नका. वीज उशिरा आली, लोक वाट बघायलेत, म्हणून व्हॉल्व्ह लगेच उघडला जातो आणि सगळी मेहनत वाया जाते. हातमोजे आणि तोंडाला रुमाल लागतोच.

दुधनाकाठ

५ ग्रॅमचा नियम पावसाळ्यात आंधळेपणाने धरू नये, असं माझं मत आहे. कोणत्या पाण्याला किती टीसीएल लागेल ते मोजायचा हॉरॉक्सचा संच आरोग्य केंद्रात असतो, तो मागवा. सहा पांढरे कप आणि एक काळा. काळ्या कपात टीसीएलचा एक सपाट चमचा, म्हणजे २ ग्रॅम, घेऊन लगदा करा आणि आतल्या खुणेपर्यंत पाणी घाला. पांढरे कप तपासायच्या पाण्याने भरा. पहिल्यात वरच्या निवळीचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत. प्रत्येक कप वेगळ्या काडीने ढवळा. अर्धा तास थांबून प्रत्येकात सूचक द्रावणाचे तीन थेंब. ज्या कपात पहिल्यांदा स्पष्ट निळा रंग येईल, त्याचा क्रमांक गुणिले २ ग्रॅम, ४५५ लिटर पाण्यासाठी. तिसरा कप निळा झाला तर ६ ग्रॅम, म्हणजे १००० लिटरला साधारण १३ ग्रॅम. ५ च्या हिशोबाने ते पाणी कधीच निर्जंतुक झालं नसतं. यात पावडरीची ताकद आणि पाण्याची गरज दोन्ही एकदम मोजल्या जातात, हा मोठा फायदा.

पाणी फारच गढूळ असेल तर आधी तुरटीने निवळून घ्या. गाळात जंतू लपून राहतात.

हापसा

मान्य. पावसाच्या पहिल्या पुरानंतर आणि उद्भव बदलल्यावर हॉरॉक्स करावंच. रोज करणं गावात शक्य नाही. रोजची ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाण्यात उरलेलं क्लोरीन बघायची चाचणी) चुकली नाही तरी खूप झालं.

दुधनाकाठ

ओटी करताना: रंग पहिल्या दहा सेकंदांत वाचा. लगेच आलेला पिवळा रंग मोकळ्या क्लोरीनचा. पंधरा-वीस मिनिटांनी गडद झालेला रंग संयुक्त (पाण्यातल्या अमोनियासारख्या घाणीशी बांधल्या गेलेल्या) क्लोरीनचाही असतो, त्याने जंतू तितके मरत नाहीत. नळी पत्र्यावर, उन्हात धरून वाचू नका, सावलीत पांढऱ्या कागदासमोर धरा. लोह किंवा नायट्राइट असलेल्या पाण्यात क्लोरीन नसतानाही पिवळं दिसू शकतं. शंका आली तर टीसीएल न टाकलेलं उद्भवाचं पाणी त्याच द्रावणाने तपासा. ते पिवळं झालं तर ओटी तिथं उपयोगाची नाही.

प्रमाण: टाकीतून निघताना, एक तासानंतर, ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि शेवटच्या नळावर किमान ०.२. शेवटच्या नळावर रंगच आला नाही तर मात्रा वाढवण्याआधी मधले नळ तपासत जा. एका विशिष्ट गल्लीनंतर रंग अचानक जात असेल तर गळती त्या तुकड्यात आहे.

प्रयोगशाळा_ताई

जमेल तिथं ओटीऐवजी डीपीडी गोळ्या वापरा. ऑर्थोटोलिडीन विषारी आहे, हाताला लागू देऊ नये, तपासलेलं पाणी घागरीत परत ओतू नये. डीपीडीत मोकळ्या क्लोरीनला गुलाबी रंग येतो आणि मोकळं-संयुक्त वेगळं करता येतं. मात्र क्लोरीन फार जास्त असेल तर गुलाबी रंग येऊन लगेच उडतो आणि नळी कोरी दिसते. टीसीएलचा उग्र वास असूनही रंग नसेल तर नमुना डिस्टिल्ड वॉटरने पातळ करून पुन्हा बघा.

मांजराकाठ

एच टू एस बाटली (विष्ठेचे जंतू असले की काळी पडणारी तपासणीची बाटली) आणि प्रयोगशाळेचा जंतूंचा नमुना यांत फरक काय? दोन्ही लागतात का?

प्रयोगशाळा_ताई

बाटली गावात इशारा देते, प्रयोगशाळा आकडा देते. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरा, आत बोट लावू नका, झाकण खाली ठेवू नका. ३० ते ३७ अंशांत २४ ते ४८ तास ठेवा. काळी झाली तर विष्ठेचा संसर्ग धरून चाला. डिसेंबर-जानेवारीत परभणीसारख्या ठिकाणी रात्री पारा बराच उतरतो, तेव्हा उघड्यावर ठेवलेली बाटली काळी होत नाही आणि पाणी चांगलं समजलं जातं. तिला झाकणाच्या डब्यात, कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी, गोधडीत ठेवा. उलट, एखाद्या बोअरच्या पाण्याला मुळातच सडक्या अंड्याचा वास असतो, ती बाटली भरताच काळी पडते. तो निकाल जंतूंचा नाही.

प्रयोगशाळेसाठी निर्जंतुक बाटली तिथूनच आणा. तिच्यात सोडियम थायोसल्फेट असतं, ते नमुन्यातलं क्लोरीन थांबवतं. म्हणून ही बाटली खंगाळायची नाही. नळाची जाळी-नळी काढा, तोंड स्पिरिटच्या बोळ्याने जाळून घ्या (नळ प्लास्टिकचा असेल तर स्पिरिटने पुसा), दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, मग भरा. पाणी सुटल्यावरचा पहिला नमुना घेताना मात्र वाहू द्यायचं नाही, तोंड पाणी येण्याआधीच पुसून ठेवायचं. वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा. बर्फाच्या डब्यात सहा तासांत पोचवणं उत्तम, २४ तासांपलीकडे नमुना निरुपयोगी. म्हणून शनिवारी दुपारी नमुने घेऊ नका.

रासायनिक नमुना वेगळा: स्वच्छ प्लास्टिक कॅन, त्याच पाण्याने तीनदा खंगाळून काठोकाठ, एक ते दोन लिटर. चिठ्ठीवर गाव, उद्भव, नळाची जागा, तारीख, वेळ, आणि टीसीएल कधी टाकलं ते. शेवटची नोंद बहुतेक चिठ्ठ्यांवर नसते, आणि ती नसली की अहवालाचा अर्थ लावता येत नाही.

मांजराकाठ

नमुने द्यायचे कुठं? आणि वर्षातून किती वेळा?

दुधनाकाठ

रासायनिक वर्षातून एकदा, जंतूंचं दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, हे किमान. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळा आहेत, आरोग्य विभागाची जिल्हा प्रयोगशाळाही जंतूंचे नमुने घेते. निकाल मिशनच्या संकेतस्थळावर चढतात. तिथं तुमच्या गावाचं नाव टाकून बघा, कोणत्या उद्भवाचा नमुना गेला होता ते कळेल. उन्हाळ्यात बोअर चालू असताना विहिरीचा जुना अहवाल दाखवला जातो, ते चालवून घेऊ नका. उद्भव बदलला की तपासणी नव्याने.

टँकर लागलाच तर १०,००० लिटरला ५० ग्रॅम टीसीएलची निवळ भरतानाच टाकायला सांगा, म्हणजे वाटेत वेळ मिळतो. रिकामा करण्याआधी ओटी घ्या. टँकर विहिरीत ओतत असतील तर विहिरीतलं उरलंसुरलं पाणी ते क्लोरीन खाऊन टाकतं, तिथं विहिरीची मात्रा वेगळी द्यावी लागते.

मांजराकाठ

ठीक. येत्या पाळीला खालच्या वस्तीच्या शेवटच्या नळावर दोन नमुने, टाकीवर एक, आणि त्याच वेळी ओटी. किटची कोरी चाचणी आधी. बोअरचं फ्लोराइड आणि विहिरीचं नायट्रेट प्रयोगशाळेत. ग्रामसभेत पाणी समितीकडून हे ठरवून घेतो. काळ्या झालेल्या बाटल्यांचं काय करायचं?

प्रयोगशाळा_ताई

झाकण उघडून घट्ट टीसीएलचं द्रावण भरा, अर्धा तास ठेवा, मग संडासात ओता. आत जंतू वाढवलेले असतात, म्हणून नालीत किंवा उकिरड्यावर तशीच टाकू नका. बाटली परत वापरायची नाही, लेकरांच्या हाती लागू द्यायची नाही. आणि काळी बाटली निघाली की निकालाची वाट न बघता त्याच दिवशी वॉर्डात पाणी उकळून प्यायला सांगा, प्रयोगशाळेचा अहवाल नंतर येऊ द्या.